छंदाचे यंत्र: मोठे घ्यावे की आहे तेच सुधारावे?

आळंदी रस्त्यावरून पालखी पुण्याकडे येते तेव्हा विश्रांतवाडीत तिचे स्वागत होते. तिथे राहणारे आमचे एक स्नेही दरवर्षी त्या सुमारास लाकडावर कोरलेली विठ्ठलाची छोटी फ्रेम ओळखीच्यांना भेट देतात. नोकरीची सगळी वर्षे टूलरूममध्ये गेली. निवृत्तीनंतर त्यांनी बंदिस्त केलेल्या बाल्कनीत छोटे सीएनसी यंत्र बसवले. संगणकावर काढलेले चित्र हे यंत्र फिरत्या कटरने लाकडात कोरून देते. यंदा मात्र विठ्ठलामागची गोल प्रभावळ गोल येईना. शिवाय शेजारच्या सोसायटीतून दारावरच्या पाट्यांची मागणी आली आणि त्या 30 सेंटिमीटरच्या बेडवर मावेनात. ‘‘आता मोठे यंत्र घेऊनच टाकतो,’’ ते म्हणाले. काकू आतून म्हणाल्या, ‘‘आधी ह्या भुशाचं बघा. रात्रभर खोकतेय मी.’’

प्रश्न खर्चाचा वाटतो, पण त्यात विज्ञानही आहे आणि आरोग्यही.

यंत्राला संगणकाच्या आकड्यांवर चालवण्याची कल्पना अमेरिकेतली. 1952 मध्ये एमआयटी या संस्थेने असे मिलिंग यंत्र चालवून दाखवले. आज तेच तत्त्व टेबलावर मावणाऱ्या यंत्रात आले आहे. छंदवाल्यांमध्ये लोकप्रिय असलेल्या ‘3018’ या प्रकाराचे नाव त्याच्या 30 बाय 18 सेंटिमीटरच्या बेडवरून पडले. त्यातली स्टेपर मोटर एका फेरीचे 200 टप्पे करते. चालक सर्किट त्या प्रत्येक टप्प्याचे आणखी 16 भाग पाडते, म्हणजे एका फेरीत 3200. एका फेरीत स्क्रू 8 मिलिमीटर सरकवत असेल, तर एका मिलिमीटरला 400 टप्पे झाले. कागदावर ही अचूकता मिलिमीटरच्या चारशेव्या भागाइतकी! पण हा आकडा आज्ञेचा आहे, कामाचा नव्हे. स्क्रू आणि नट यांच्यात थोडी जरी मोकळीक असेल, तरी दिशा बदलताना मोटर फिरते आणि कटर क्षणभर जागचा हलत नाही. वर्तुळ कोरताना अशी दिशा चार ठिकाणी बदलते. तिथेच वर्तुळ चपटे होते.

म्हणून नव्या यंत्राची चौकशी करण्यापूर्वी दोन चाचण्या कराव्यात. स्पिंडलला डायल टेकवावी, यंत्र 10 मिलिमीटर पुढे न्यावे, तेवढेच मागे आणावे. सुई शून्यावर आली नाही, तर तो फरक मोकळिकीचा. दुसऱ्या चाचणीसाठी प्रवासाच्या बॅगा मोजायचा काटा पुरतो. यंत्राचा वीजपुरवठा चालू ठेवून, पण स्पिंडल बंद ठेवून, तो स्पिंडलला अडकवून 2 किलोचा ताण द्यावा आणि डायल किती सरकते ते पाहावे. आमच्या स्नेह्यांकडे सुई जवळजवळ अर्धा मिलिमीटर हलली. कारण शोधल्यावर गॅन्ट्रीचे दोन स्क्रू सैल निघाले आणि नटही झिजलेला. दुरुस्तीचा खर्च एका जेवणाच्या बिलाइतका आला. प्रभावळ पुन्हा गोल झाली.

आता पाट्यांचा प्रश्न. यंत्र मोठे करायचे म्हणून अनेक जण मार्गदर्शक दांड्या फक्त लांब बसवतात. इथे भौतिकशास्त्र आडवे येते. दोन्ही टोकांना आधार असलेल्या दांडीवर मध्यभागी तोच जोर दिला, तर तिचे वाकणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. लांबी 300 वरून 600 मिलिमीटर केली, की तीच दांडी आठपट वाकते. उलट, जाडी वाढवली तर ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. 10 मिलिमीटरऐवजी 20 मिलिमीटरची दांडी घेतली, तर ती सोळापट ताठ. दोन्ही बदल एकदम केले, तर सोळा भागिले आठ, म्हणजे जुन्यापेक्षा दुप्पट ताठ. मोठे यंत्र पाहताना बेडचा आकार नंतर विचारावा. आधी दांड्यांची जाडी आणि त्यांना खालून पूर्ण लांबीचा आधार आहे का, ते विचारावे.

जास्त ताकदीच्या स्पिंडलचा मोहही तपासून घ्यावा. मिनिटाला 10 हजार फेरे, दोन धारांचा कटर आणि मिनिटाला 400 मिलिमीटर चाल असेल, तर प्रत्येक धार 0.02 मिलिमीटरचा कपचा काढते. यंत्र डगमगते म्हणून चाल 100 वर आणली, तर कपचा 0.005 मिलिमीटरवर येतो. मग धार कापण्याऐवजी घासते, लाकूड करपते आणि भुशाची पूड होते. म्हणजे डगमगणारे यंत्र कामही बिघडवते आणि धूळही बारीक करते.

ही बारीक धूळच काकूंच्या तक्रारीच्या मुळाशी असू शकते. खोकल्याचे कारण डॉक्टरांनीच ठरवायचे. पण लाकडाची धूळ निरुपद्रवी नाही, हे नक्की. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये तिला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले. हे पुरावे मुख्यतः वर्षानुवर्षे लाकूडकाम करणाऱ्या कामगारांचे आहेत, त्यामुळे आठवड्यातून दोन तास कोरणाऱ्याने घाबरून जाऊ नये. मात्र दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांना थोडी धूळही त्रास देते. एमडीएफमध्ये बहुधा फॉर्मल्डिहाइडयुक्त डिंक असतो. त्याची धूळ अधिक बारीक आणि डोळे-घसा चुरचुरवणारी. एन-95 मास्क धुळीचे कण अडवतो, वायू नाही. काम संपल्यावर झाडू मारला किंवा हवेने फुंकले, तर खाली बसलेली धूळ पुन्हा हवेत जाते. ओल्या फडक्याने पुसावे. कटरभोवती ब्रश असलेला पंखाळ बसवून त्याला हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम जोडणे सर्वांत चांगले.

आवाजाचेही गणित आहे. 85 डेसिबलला रोज आठ तास ही कानांसाठी मानली जाणारी मर्यादा. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 94 डेसिबलला उरतो फक्त एक तास. आपल्याकडच्या 2000 च्या ध्वनी नियमांनुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबल आहे. मोठ्या स्पिंडलची पेटी, खालचे रबर आणि शेजाऱ्यांशी ठरवलेली वेळ हेही यंत्राच्या किमतीत धरावे.

एका अपग्रेडबाबत मात्र स्पष्ट सांगायला हवे: स्पिंडलच्या जागी बसणारा लेझर. अर्ध्या वॉटच्या वरचा लेझर सर्वांत धोकादायक वर्गात मोडतो. त्याचे परावर्तनही डोळ्याच्या पडद्याला कायमची इजा करू शकते. त्याच तरंगलांबीसाठी बनवलेला चष्मा, बंद पेटी आणि धूर बाहेर काढायची सोय नसेल, तर तो घेऊ नये. पीव्हीसी तर लेझरने कधीच कापू नये. त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा दाहक वायू निघतो.

विकत घेण्याआधी मोठ्या यंत्रावर हात बसवून पाहण्याचा मार्गही आहे. शिरूर तालुक्यातल्या पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब 2002 मध्ये तिथेच उभी राहिली. यंत्र एकट्याच्या मालकीचे असण्यापेक्षा अनेकांच्या हाताखाली असावे, हा त्यामागचा विचार. वर्षाला चार-सहा पाट्याच करायच्या असतील, तर अशी सामायिक कार्यशाळा शोधून विचारून पाहावे.

आमच्या स्नेह्यांनी शेवटी वही काढली. पाट्यांच्या मागण्या मोजल्या: तीन. मोठ्या यंत्राचा बेत त्यांनी दिवाळीपर्यंत पुढे ढकलला. बाजूला ठेवलेल्या पैशांतून व्हॅक्यूम आला, यंत्राभोवती पेटी बसली आणि एमडीएफ बंद झाले. काकू डॉक्टरांकडे जाऊन आल्या. त्यांनी धुळीपासून दूर राहायला सांगितले. आता बाल्कनीचे दार काम चालू असताना बंद असते आणि त्याची किल्ली काकूंकडे असते.