दास्तानमधली दोस्ती

लहानपणी रमजानमध्ये तरावीहची नमाज आटोपून अब्बा घरी आले की ओसरीवर सतरंजी पडायची. अब्बा 'तिलिस्म-ए-होशरुबा'चा जुना, पाने सुटलेला खंड उघडायचे. ऐकायला गल्लीतली सारी पोरे. शेजारचा माझा मित्र सर्वांत पुढे. त्याला उर्दू वाचता येत नव्हते. शब्द अडला की मी त्याच्या कानात मराठीत अर्थ सांगायचो. आज मी वर्गात दोन भाषांमध्ये ये-जा करतो, त्याचा पहिला धडा तो असावा.

परवा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, अद्भुत कथा लिहिणाऱ्याला हे सगळे सुचते कुठून? आणि जादूच्या गोष्टीतली मैत्री खरी का वाटते?" मला होशरुबाच आठवली.

लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने तिचा पहिला खंड १८८३मध्ये काढला. मालक मुन्शी नवलकिशोर हिंदू. त्यांच्या छापखान्यातून कुराणही निघे आणि हिंदूंचे धर्मग्रंथही. होशरुबाचे पहिले चार खंड मुहम्मद हुसेन जाह यांनी लिहिले, उरलेले अहमद हुसेन कमर यांनी. मूळ फारसी ग्रंथ अकबराच्या दरबारातल्या फैजीचा, असे सांगितले जाई. पण तो ग्रंथ कुणालाच सापडला नाही. ही रचना लखनौच्या दास्तानगोंचीच, असे अभ्यासक मानतात.

मग सुचले कुठून? उत्तर त्यांच्या दारातच होते. होशरुबा हा जादूगार बादशहा अफरासियाबचा मुलूख, पण तिथले बाजार, पोशाख, मेजवान्या, बायकांचे टोमणे सगळे लखनवी. १८५६मध्ये अवधची नवाबी गेली, पुढच्याच वर्षी शहर होरपळले. हरवलेले शहर या लेखकांनी जादूच्या मुलखात पुन्हा वसवले, असे मला वाटते. कल्पनेला पंख लागतात, पण ती उडते आपल्याच अंगणातून.

आता मैत्री. दास्तानचा नायक अमीर हमजा. नाव पैगंबरांचे चुलते हजरत हमजा यांचे, पण गोष्ट इतिहास नव्हे, निखळ कल्पना. त्याचा जिवलग अमर अय्यार. दोघे एकाच दिवशी जन्मतात, एकाच दाईच्या दुधावर वाढतात. स्वभाव मात्र दोन टोकांचे. हमजा शूर, दिलदार, शब्दाला जागणारा. अमर काटकुळा, चपळ, वेषांतरात तरबेज, लबाड आणि कमालीचा चिक्कू. त्याच्या 'जंबील' नावाच्या झोळीत अख्खी शहरे मावतात, तरी एक दमडी सुटत नाही!

लेखकाची हुशारी इथेच आहे. दोन सज्जन एकत्र आणले असते, तर मैत्री गुळचट झाली असती. इथे एकाला जे जमत नाही ते दुसऱ्याला जमते. हमजाची तलवार जादूपुढे थिटी पडते, तेव्हा अमरची युक्ती कामी येते. होशरुबात तर हमजा बराच काळ दूरच असतो. त्याचा नातू असद संकटात सापडतो आणि धावून जातो तो अमर. दोस्ती शब्दांत नाही, अशा धावून जाण्यात दिसते. शत्रूकडची बहार नावाची जादूगारीणही पुढे अमरच्या बाजूला येते. मैत्रीचा दरवाजा लेखकाने शत्रूलाही बंद ठेवलेला नाही.

आमच्या खेळात मी हमजा व्हायचो, तो मित्र अमर. मोठेपणी उसनवारीच्या पैशांवरून आमचे बिनसले. तीन वर्षे बोलणे नव्हते. रस्त्यात दिसला की मी दुसऱ्या बाजूने जायचो. हमजाचा दिलदारपणा खेळापुरताच होता, हे तेव्हा कळले.

गेल्या रमजानमध्ये इफ्तारच्या थोडे आधी दार वाजले. हातात केळ्यांचा घड घेऊन तो उभा. सतरंजीवर बसला, खिशातून निम्मे पैसे काढून माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाला, "बाकीचे जंबीलमध्ये गेले, मियाँ. निघतील हळूहळू."

मला हसू आवरेना. तेवढ्यात अजान झाली. मी खजूर उचलला आणि पहिला त्याच्या हातावर ठेवला.

उरलेले पैसे अजून आलेले नाहीत. तो मात्र यंदाही दर जुम्म्याला इफ्तारला येतो.