क्लच घसरतोय, पण पैसे कुठे गळताहेत? जुन्या टेम्पोचा आजार ओळखा, मगच पार्ट बदला



आपल्याकडे ट्रेनिंगला येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची पहिली मोठी खरेदी म्हणजे एक जुना पिकअप टेम्पो. कुणी भाजी टाकतो, कुणी पाण्याचे जार, कुणी मंडपाचं सामान. गाडी सेकंड हँड, हप्ता मात्र नवा! आणि मग एके दिवशी चढावर गाडी ओरडायला लागते, पण पुढे जात नाही.

व्हिडिओमध्ये क्लच घसरण्याबद्दल मी थोडक्यात सांगितलं होतं. इथे सविस्तर सांगतो, कारण हा धडा मी स्वतः पैसे मोजून शिकलोय.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या रात्री

२०१४ साल. पावसच्या बाजूच्या बागांमधून आंबा उचलायचा आणि कोल्हापूरच्या दुकानदारांना पोचवायचा, असा माझा धंदा नुकताच सुरू झाला होता. टेम्पो नऊ वर्षं जुना, पतसंस्थेचं कर्ज काढून घेतलेला. अक्षय्य तृतीयेला आंब्याला काय मागणी असते ते सांगायला नको. एका दुकानदाराला शब्द दिला होता, "सकाळी सहाला ५० पेट्या तुमच्या दारात."

दोनच आठवड्यांपूर्वी क्लच प्लेट नवीन टाकली होती, त्यामुळे मी निर्धास्त. पाली, साखरपा झालं, आंबा घाट लागला आणि तिसऱ्या वळणावर इंजिनचा आवाज एकदम चढला. पाय ॲक्सिलरेटरवर दाबलेला, इंजिन बोंब मारतंय, गाडी मात्र बैलगाडीच्या चालीनं. पाठोपाठ जळका वास. गाडी बाजूला घेतली, चाकांना दगड लावले, थंड होऊ दिली. परत थोडी चढली, परत तेच. असं तीनदा झाल्यावर ती जागची हललीच नाही.

शेवटी साखरप्याहून दुसरा टेम्पो बोलावला. त्याचे चालक साठीचे काका. पेट्या उतरवायच्या आधी त्यांनी बॅटरी घेतली, गाडीखाली वाकले, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या भागाला खालून बोट लावलं, वास घेतला आणि म्हणाले, "पोरा, प्लेट नवीन असली म्हणून काय झालं? तेलात भिजलीय ती. हे तेल कुठनं येतंय ते बघितलं का कुणी?"

कुणीच बघितलं नव्हतं. मी गॅरेजमध्ये जाऊन सांगितलं होतं, "क्लच टाका." त्यांनी टाकला. काय होतंय हे मी सांगितलं नाही आणि का होतंय हे त्यांनी शोधलं नाही.

माल दुपारी दीडला पोचला. दुकानदारानं सकाळीच दुसरीकडून माल उचलला होता. त्यानं निम्म्या पेट्या घेतल्या, त्याही पडेल भावात. उरलेल्या दुसऱ्या दिवशी मार्केट यार्डात गेल्या. माझा हिशेब असा होता:

- पहिल्यांदा टाकलेली प्लेट आणि मजुरी, दोन्ही वाया: ६,५०० रुपये
- दुसऱ्या टेम्पोचं भाडं: ३,५०० रुपये
- आंब्याच्या भावात गेलेले: ८,००० रुपये

एकूण १८,००० रुपये. आणि जो ऑइल सील बदलला नव्हता, त्याची किंमत ४०० रुपयांच्या आत. दुरुस्तीचा खर्च पुन्हा झाला तो वेगळाच. तो दुकानदार त्या हंगामात परत माझ्याकडे आला नाही, ते तर या हिशेबात धरलेलंच नाही.

क्लच घसरतो म्हणजे नेमकं काय होतं?

इंजिनला फ्लायव्हील नावाचं जड चाक असतं. क्लच प्लेट त्या फ्लायव्हीलला चिकटून फिरते आणि इंजिनची ताकद गिअरबॉक्सला देते. तिला मागून दाबून धरते ती प्रेशर प्लेट. पेडल दाबलं की दाब सुटतो, पेडल सोडलं की दाब बसतो. दाब कमी पडला, प्लेटचं अस्तर झिजलं किंवा मध्ये तेल आलं, तर प्लेट फ्लायव्हीलवर नुसती घासत राहते. इंजिन फिरतंय, चाकाला ताकद पोचत नाही. त्या घासण्याची उष्णता म्हणजेच तो जळका वास.

आधी खात्री करा: क्लचच आहे ना?

"गाडी ओढत नाही" या एका तक्रारीमागे तीन वेगळे आजार असू शकतात.

१. आवाज चढतो, वेग चढत नाही. हा क्लच घसरण्याचा प्रकार.

२. आवाजही चढत नाही, वेगही नाही. इंजिनलाच दम नाही. एअर फिल्टर, डिझेल फिल्टर तुंबलेत का ते आधी बघा. इथे क्लचला हात लावायचं कारण नाही.

३. गाडी धरून ठेवल्यासारखी वाटते. ब्रेक चिकटत असेल. थोडं चालवून थांबा आणि प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन बघा. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा फार तापलं असेल तर तिथे शोधा. ड्रमला थेट हात लावू नका, भाजेल.

आणखी एक गोंधळ नेहमी होतो. पेडल पूर्ण दाबूनही गिअर पडत नाही, खरखर आवाज येतो, हा क्लच न सुटण्याचा आजार. घसरण्याच्या नेमका उलटा. हायड्रॉलिक क्लचच्या लाइनमध्ये हवा शिरली की असं होतं. मिस्त्रीला सांगताना "क्लच गेला" असं सांगू नका. काय होतंय ते सांगा.

घरच्या घरी करायच्या चाचण्या

*चालती चाचणी.* सपाट, मोकळा रस्ता बघा. टॉप गिअरमध्ये ताशी ४० किलोमीटरच्या आसपास गाडी ठेवा आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबा. आवाज आणि वेग बरोबरीनं वाढायला हवेत. आवाज झटकन चढला आणि वेग मागे राहिला तर क्लच घसरतोय. जुन्या टेम्पोला आरपीएमचा काटा नसतो, म्हणून कानावर भरवसा ठेवा. रिकाम्या गाडीत कळलं नाही तर नेहमीचा माल भरून हलक्या चढावर बघा.

*उभी चाचणी.* गाडी सपाट जागेवर लावा, चाकांना पुढून-मागून दगड लावा, समोर-मागे कुणी नको. हँडब्रेक ओढा, पायाचा ब्रेक दाबून ठेवा. टॉप गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं पाहिजे. क्लच पूर्ण सोडूनही इंजिन चालूच राहिलं तर प्लेट पार गेली. ही चाचणी एकदाच करा, पुन्हा पुन्हा केली तर क्लच तापतो. आणि लक्षात ठेवा, थोडासा घसरणारा क्लच या चाचणीत पास होऊ शकतो. म्हणून चालती चाचणी जास्त महत्त्वाची.

*पेडलची चाचणी.* पेडल हातानं दाबून बघा. सुरुवातीला ते थोडंसं मोकळं हललं पाहिजे. याला फ्री प्ले म्हणतात, तो किती हवा ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. फ्री प्ले अजिबात नसेल तर पाय काढल्यावरही क्लच थोडा दाबलेलाच राहतो. केबलच्या गाडीत हे नुसतं नट ॲडजस्ट करून सुटू शकतं. पाच मिनिटांचं काम! हे न बघता गिअरबॉक्स उतरवायला परवानगी देऊ नका.

*तेलाची चाचणी.* इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या कव्हरला खालून तेल दिसतंय का? काळं आणि पातळ असेल तर बहुधा इंजिन ऑइल, म्हणजे क्रँकचा मागचा सील. जाड आणि उग्र वासाचं असेल तर गिअर ऑइल, म्हणजे गिअरबॉक्सचा पुढचा सील. तेल दिसलं की नुसती प्लेट टाकणं म्हणजे छप्पर गळत असताना फरशी पुसणं.

गिअरबॉक्स उतरलाच आहे, तर...

या कामात मजुरीचा मोठा भाग गिअरबॉक्स उतरवण्या-चढवण्याचा असतो. म्हणून एकदा उतरला की सगळं बघून घ्यायचं:

- क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग, तिन्ही एकदम बदला. जुन्या प्रेशर प्लेटचा दाब कमी झालेला असेल तर नवीन प्लेटही घसरते.
- दोन्ही ऑइल सील तपासा, ओलसर असेल तो बदला. तेलात भिजलेली प्लेट पेट्रोलनं धुऊन परत टाकू देऊ नका.
- फ्लायव्हीलवर निळे डाग, चरे किंवा बारीक भेगा आहेत का बघा. किरकोळ चरे लेथवर फेस मारून निघतात, खोल भेगा असतील तर फ्लायव्हील बदलायचं.
- जुने पार्ट परत मागा. काळी, चकचकीत, तेलकट प्लेट हातात घेतली की कारण डोळ्यांनी दिसतं.
- बिलावर पार्टचं नाव, तारीख आणि किलोमीटर लिहून घ्या.

नवीन क्लच बसल्यावर पहिले काही दिवस पूर्ण लोड आणि घाट टाळा, प्लेटला बसायला वेळ द्या.

ऑटोमॅटिक गाडी असेल तर?

आता काही जण ऑटोमॅटिक गाड्याही धंद्याला घेतात. त्यातल्या दोन जाती बघू. एएमटी गाडीत पायाखाली क्लच पेडल नसलं तरी आत साधी क्लच प्लेटच असते, ती तशीच झिजते. प्लेट बदलल्यावर स्कॅनर लावून गाडीच्या कॉम्प्युटरला नवीन क्लच 'शिकवावा' लागतो. त्यामुळे हे काम स्कॅनर असलेल्या ठिकाणीच द्या.

टॉर्क कन्व्हर्टरवाली खरी ऑटोमॅटिक असेल तर पहिली तपासणी गिअरबॉक्समधल्या तेलाची. पातळी कशी बघायची, इंजिन चालू ठेवून की बंद करून, ते गाडीच्या पुस्तकाप्रमाणेच. हे तेल जळून संपत नाही. कमी झालं असेल तर कुठेतरी गळतंय. बरीच ऑटोमॅटिक तेलं नवी असताना लाल असतात. तपकिरी-काळं झालंय, जळका वास येतोय, चमकणारे कण दिसतायत, तर आतले क्लच झिजलेत असं समजा आणि गाडी रेटत राहू नका. दुकानात मिळणारं कुठलंही तेल किंवा 'जादूचं' औषध ओतू नका. पुस्तकात लिहिलंय तेच तेल घाला.

क्लच कोण खातं?

आपणच! सिग्नलला हाफ क्लचवर गाडी धरणं, चालवताना डावा पाय पेडलवर ठेवून बसणं, चढावर ब्रेकऐवजी क्लचवर गाडी तोलणं. ड्रायव्हर ठेवला असेल तर पहिल्या दिवशी शेजारी बसून त्याचा डावा पाय बघा.

दुसरं कारण जास्तीचा माल. "एका फेरीत उरकतंय ना" म्हणून आपण भरतो. पण त्या वाचवलेल्या फेरीचा खर्च क्लच, टायर आणि ब्रेक भरतात. शिवाय मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. कुठल्या फेरीत एवढा नफा सुटतो सांगा?

यात धंद्याचा धडा कुठला?

क्लच घसरतो तेव्हा इंजिन जोरात फिरत असतं. डिझेल जळतं, आवाज होतो, मेहनत दिसते, गाडी मात्र जागेवर. धंद्यातही असं होतं. विक्री कमी झाली की आपण लगेच नवीन बोर्ड लावतो, भाव पाडतो, माणूस बदलतो. म्हणजे प्लेट बदलतो. तेल कुठून गळतंय ते बघत नाही.

मी त्या हंगामानंतर एक साधी वही केली. डाव्या पानावर "काय होतंय", उजव्या पानावर "का होतंय". उजवं पान भरल्याशिवाय पैसे खर्च करायचे नाहीत. टेम्पोसाठी सुरू केलेली ही वही पुढे उधारीसाठी, मालासाठी, माणसांसाठीही वापरली. आजही वापरतो.

पुढच्या वर्षी अक्षय्य तृतीयेच्या आठवडाभर आधी त्याच दुकानदाराकडे गेलो. घाटातली सगळी गोष्ट सांगितली, चूक माझी होती हेही सांगितलं. त्यानं फक्त २० पेट्यांची ऑर्डर दिली. त्या पहाटे साडेपाचला पोचल्या.

आता तुमचं काम. उद्या गाडी बाहेर काढताना पेडल हातानं दाबून बघा आणि गाडीखाली एकदा वाकून बघा. दोन मिनिटं लागतील, खर्च शून्य.

भेटू पुढच्या लेखात. तोपर्यंत गाडी आणि गल्ला, दोन्ही तपासत राहा!