डंप स्टेशन (निवासी वाहन)

डंप स्टेशन म्हणजे निवासी वाहनांच्या टाक्यांमध्ये साठलेले मलजल व सांडपाणी आरोग्याला आणि पर्यावरणाला धोका न पोहोचवता रिकामे करण्यासाठी उभारलेली सोय होय. झोपण्याची, स्वयंपाकाची आणि शौचालयाची व्यवस्था असलेल्या वाहनाला अमेरिका व कॅनडा या देशांत 'आरव्ही' म्हणतात. भारतात अशा वाहनासाठी 'कॅरॅव्हॅन' हा शब्द रूढ आहे. डंप स्टेशनलाही निरनिराळ्या देशांत वेगवेगळी नावे आहेत. ऑस्ट्रेलियात त्याला 'डंप पॉइंट' म्हणतात, तर ब्रिटनमधील शिबिरस्थळांवर 'केमिकल डिस्पोजल पॉइंट' हे नाव आढळते.

वाहनाचे सांडपाणी आणि शहराची मलनिस्सारण व्यवस्था यांना जोडणारा दुवा म्हणजे डंप स्टेशन. हा दुवा तुटल्यास साठलेला मैला जमिनीत, पावसाच्या गटारात किंवा थेट जलाशयात जातो. त्यामुळे तलावाकाठच्या पर्यटनस्थळी डंप स्टेशन कोठे आहे, ते केव्हा चालू असते आणि त्यातील सांडपाणी पुढे कोठे जाते, या तिन्ही गोष्टींना महत्त्व असते.

वाहनातील टाक्या

निवासी वाहनात साधारणपणे तीन प्रकारच्या टाक्या असतात. पहिल्या टाकीत पिण्याचे व वापराचे स्वच्छ पाणी असते. दुसऱ्या टाकीत मोरी, हात धुण्याचे भांडे आणि स्नानगृह यांतील सांडपाणी जमा होते. त्यास 'ग्रे वॉटर' म्हणतात. तिसऱ्या टाकीत शौचालयातील मलजल साठते. त्यास 'ब्लॅक वॉटर' अशी संज्ञा आहे. टाक्यांची क्षमता वाहनाच्या आकारानुसार बदलते. मध्यम आकाराच्या अमेरिकी वाहनात मलजलाची टाकी बहुधा ७५ ते १५० लिटरची असते. युरोपीय वाहनांत स्थिर टाकीऐवजी हाताने काढून नेता येणारी सुमारे १७ ते २० लिटरची पेटी अधिक प्रचलित आहे. तिला 'कॅसेट' म्हणतात.

वाहनातील शौचालयात पाणी अत्यंत काटकसरीने वापरले जाते. परिणामी त्यातील मलजल घरगुती सांडपाण्याच्या तुलनेत कितीतरी अधिक तीव्र असते. म्हणूनच वाहनाची एक टाकी उघड्यावर रिकामी झाली, तरी तिच्यातील द्रवाच्या मानाने होणारे प्रदूषण पुष्कळ मोठे असते.

स्थानकाची रचना

सामान्य डंप स्टेशनमध्ये वाहन उभे करण्यासाठी काँक्रीटचा ओटा असतो. या ओट्याला मध्यभागी उतार दिलेला असतो आणि तेथे झाकण असलेले, जमिनीच्या पातळीवरील तोंड असते. वाहनाची नळी या तोंडात बसवतात. सांडलेला मैला धुऊन काढण्यासाठी जवळच एक नळ असतो. या नळाचे पाणी 'पिण्यास अयोग्य' असल्याची सूचना तेथे लावलेली असते, कारण अनेकांच्या मैल्याने माखलेल्या नळ्या त्याच नळावर धुतल्या जातात. स्वच्छ पाणी भरण्याचा नळ यापासून काही अंतरावर वेगळा ठेवतात.

तोंडातून आत गेलेले मलजल तीनपैकी एका मार्गाने पुढे जाते. शहराजवळची स्थानके नगरपालिकेच्या मलवाहिनीला जोडलेली असतात. दुर्गम शिबिरस्थळी ते सेप्टिक टाकीत व तेथून शोषखड्ड्यात जाते. काही ठिकाणी बंदिस्त टाकीत साठवून ते टँकरने प्रक्रिया केंद्रात नेले जाते.

वापरण्याची पद्धत

टाकी रिकामी करताना प्रथम हातमोजे घालून नळी वाहनाला व नंतर जमिनीवरील तोंडाला घट्ट जोडतात. अमेरिकी वाहनांत या नळीचा व्यास सामान्यतः ३ इंच, म्हणजे सुमारे ७.६ सेंटिमीटर असतो. जोडणी झाल्यावर आधी मलजलाच्या टाकीची झडप उघडतात. ती पूर्ण रिकामी झाल्यानंतर सांडपाण्याच्या टाकीची झडप उघडतात. या क्रमामुळे साबणाचे तुलनेने स्वच्छ पाणी नळीतून शेवटी वाहते आणि नळी आतून धुतली जाते. त्यानंतर झडपा बंद करून नळी धुतात, तोंडाचे झाकण लावतात आणि ओटा स्वच्छ करतात.

शिबिरस्थळी मलवाहिनीची जोडणी उपलब्ध असली, तरी मलजलाची झडप सतत उघडी ठेवू नये, असा संकेत आहे. झडप उघडी राहिल्यास द्रव भाग वाहून जातो आणि घन भाग टाकीच्या तळाशी साचून घट्ट होतो. टाकी किमान दोन-तृतीयांश भरल्यावर ती रिकामी केल्यास प्रवाहाच्या जोराने घन भागही बाहेर पडतो. ओले पुसणे, कापड आणि प्लॅस्टिक यांमुळे झडप व मलवाहिनी तुंबते; पाण्यात चटकन विरघळणारा कागदच शौचालयात टाकावा लागतो.

दुर्गंधीनाशक रसायने

टाकीतील दुर्गंधी कमी करण्यासाठी अनेक प्रवासी रसायने वापरतात. जुन्या पद्धतीच्या रसायनांमध्ये फॉर्मल्डिहाइड, ग्लुटारल्डिहाइड, ब्रोनोपॉल यांसारखी जंतुनाशके असत. ही द्रव्ये दुर्गंधी निर्माण करणाऱ्या जिवाणूंना मारतात. मात्र सेप्टिक टाकीतील मैल्याचे विघटनही जिवाणूच करतात, आणि तेही या द्रव्यांमुळे मरतात. मोठ्या संख्येने वाहने येणाऱ्या शिबिरस्थळी त्यामुळे अर्धवट कुजलेला मैला शोषखड्ड्यापर्यंत पोहोचतो, जमिनीची छिद्रे बुजतात आणि भूजल दूषित होण्याची शक्यता वाढते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने या धोक्याबाबत वाहनधारकांसाठी मार्गदर्शन प्रसिद्ध केले आहे. जिवाणू व विकरे यांवर आधारित उत्पादने हा यास पर्याय मानला जातो.

तलावाकाठचे महत्त्व

नदीतील प्रदूषण प्रवाहाबरोबर पुढे वाहून जाते. तलावात ते दीर्घकाळ टिकते. मलजलात नायट्रोजन आणि फॉस्फरस ही पोषकद्रव्ये विपुल असतात. ती तलावात मिसळल्यास शेवाळाची बेसुमार वाढ होते, पाणी गढूळ व हिरवे दिसू लागते आणि शेवाळ कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो. या प्रक्रियेला सुपोषण म्हणतात.

सिॲटल शहरालगतचा लेक वॉशिंग्टन हे याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास आजूबाजूच्या वस्त्यांचे सांडपाणी प्रक्रिया करून या तलावात सोडले जात असे. परंतु नेहमीच्या प्रक्रियेनंतरही त्यात फॉस्फरस शिल्लक राहत होता. १९५० च्या दशकात तलावात सुपोषणाची लक्षणे दिसू लागली. १९६३ ते १९६८ या काळात सांडपाणी टप्प्याटप्प्याने तलावाबाहेर वळवण्यात आले आणि त्यानंतर काही वर्षांतच पाणी पुन्हा नितळ झाले. सांडपाण्यावर प्रक्रिया होणे पुरेसे नाही, तर ते कोठे सोडले जाते हेही निर्णायक असते, हे या अनुभवातून दिसून आले.

लेक टाहो

कॅलिफोर्निया आणि नेवाडा या राज्यांच्या सीमेवरील लेक टाहो हा सुमारे ५०१ मीटर खोल आणि समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० मीटर उंचीवर असलेला तलाव आहे. त्यास ६३ प्रवाह येऊन मिळतात, पण त्यातून ट्रकी ही एकच नदी बाहेर पडते. तलावातील पाणी पूर्णपणे बदलण्यास अंदाजे ६५० ते ७०० वर्षे लागतात. त्यामुळे एकदा आत गेलेले पोषकद्रव्य पिढ्यान्‌पिढ्या तेथेच राहू शकते.

कॅलिफोर्नियाच्या १९६९ च्या पोर्टर-कोलोन कायद्याने टाहो खोऱ्यातील सांडपाणी खोऱ्याबाहेर नेणे बंधनकारक केले. १९७१ मध्ये नेवाडातही तशाच आशयाचा शासकीय आदेश निघाला. दक्षिण किनाऱ्यावरील सांडपाणी प्रक्रियेनंतर पंपांनी सुमारे २,३६० मीटर उंचीची ल्यूथर खिंड ओलांडून आल्पाइन काउंटीत नेले जाते आणि तेथे सिंचनासाठी वापरले जाते. उत्तर व पश्चिम किनाऱ्यावरील सांडपाणी ट्रकी गावाजवळील केंद्रात जाते. तलावाकाठच्या शिबिरस्थळी मलवाहिनीला जोडलेल्या डंप स्टेशनमध्ये रिकामे केलेले मलजलही याच वाटेने खोऱ्याबाहेर पडते. याउलट जमिनीवर किंवा पावसाच्या गटारात ओतलेले सांडपाणी या संपूर्ण व्यवस्थेला वळसा घालून तलावाकडे जाते.

सांडपाणी बाहेर नेल्याने टाहोचे सर्व प्रश्न सुटले नाहीत. पांढरी तबकडी पाण्यात किती खोलीपर्यंत दिसते यावरून तलावाची पारदर्शकता मोजतात. १९६८ मध्ये तिची वार्षिक सरासरी ३१.२ मीटर होती. २०१७ मध्ये ती १८.२ मीटरपर्यंत खाली आली. रस्ते व वस्त्यांवरून वाहून येणारे सूक्ष्म कण हे या घसरणीचे एक प्रमुख कारण मानले जाते.

डंप स्टेशनचा शोध

तलावाकाठच्या पर्यटनग्रामात मुक्कामाला जाताना प्रथम तेथील वाहनतळाचा प्रकार पाहावा लागतो. 'पूर्ण जोडणी' असलेल्या जागेवर पाणी, वीज आणि मलवाहिनी या तिन्ही सोयी असतात. तेथे स्वतंत्र स्थानकाची गरज भासत नाही. जेथे अशी जोडणी नसते, तेथे शिबिरस्थळाच्या प्रवेशद्वाराजवळ अथवा बाहेर पडण्याच्या मार्गावर सामायिक डंप स्टेशन असण्याची शक्यता अधिक असते. मुक्काम करणाऱ्यांना त्याचा वापर बहुधा विनाशुल्क असतो, तर इतरांकडून शुल्क घेतले जाते.

यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातील ग्रँट व्हिलेज या वसाहतीचे उदाहरण यासाठी उपयुक्त आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे २,३५७ मीटर उंचीवरील यलोस्टोन तलावाच्या 'वेस्ट थंब' या भागाच्या काठी ही वसाहत आहे. १८७२ मध्ये उद्यानाच्या स्थापनेच्या कायद्यावर स्वाक्षरी करणारे राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांचे नाव तिला दिले आहे. येथील शिबिरस्थळात चारशेहून अधिक जागा आहेत. मात्र त्यांना मलवाहिनीची जोडणी नसल्याने सामायिक डंप स्टेशनवर अवलंबून राहावे लागते. याच तलावाकाठी फिशिंग ब्रिज येथील वाहनतळावर पूर्ण जोडणीची सोय आहे. अस्वलांच्या वावरामुळे तेथे केवळ कडक भिंतींच्या वाहनांनाच परवानगी असते. रात्रीचे तापमान गोठणबिंदूखाली गेले की उद्यानातील डंप स्टेशने बंद ठेवली जातात. त्यामुळे हंगामाच्या आरंभी किंवा अखेरीस येणाऱ्या प्रवाशांना नकाशावर स्थानक दिसत असूनही ते बंद आढळू शकते.

शिबिरस्थळी सोय नसल्यास किंवा ती बंद असल्यास पुढील ठिकाणी चौकशी करता येते :

* महामार्गावरील विश्रांतिस्थळे. वॉशिंग्टन राज्यात निवासी वाहनांच्या नोंदणीसोबत वर्षाला ३ डॉलर आकारून अशा सोयींसाठी निधी उभारला जातो.
* मालमोटारींसाठी असलेले मोठे पेट्रोल पंप.
* खासगी वाहनतळ, जे शुल्क घेऊन बाहेरच्या वाहनांनाही प्रवेश देतात.
* नगरपालिकेची सांडपाणी प्रक्रिया केंद्रे, त्यांपैकी काही ठिकाणी प्रवाशांसाठी स्वतंत्र तोंड ठेवलेले असते.

अमेरिकेतील रस्त्यांवर डंप स्टेशनची खूण निळ्या पाटीवर पांढऱ्या चित्राने दाखवतात. राष्ट्रीय उद्यानांत नेमून दिलेल्या सोयीखेरीज अन्यत्र वाहनातील सांडपाणी सोडण्यास संघीय नियमांनुसार मनाई आहे. साध्या शौचालयांच्या खड्ड्यात टाकी रिकामी करणे हा डंप स्टेशनला पर्याय नाही.

इतर देशांतील पद्धती

जर्मनीत स्वच्छ पाणी भरणे आणि सांडपाणी रिकामे करणे या दोन्ही सोयी बहुधा एकाच ठिकाणी असतात. फ्रान्समधील अनेक गावांत नगरपालिकांनी निवासी वाहनांसाठी सेवास्थाने उभारली आहेत. न्यूझीलंडमध्ये २०११ च्या मुक्त शिबिरविषयक कायद्यानुसार स्थानिक संस्था शिबिराच्या जागांवर निर्बंध घालू शकतात. तेथे 'स्वयंपूर्ण' असे प्रमाणपत्र मिळवण्यासाठी वाहनात किमान तीन दिवसांचे पाणी आणि सांडपाणी साठवण्याची क्षमता असावी लागते. २०२३ च्या दुरुस्तीने अशा वाहनात शौचालय स्थिर बसवलेले असणे आवश्यक करण्यात आले.

भारत

भारतात निवासी वाहनांची संख्या अल्प असून डंप स्टेशनचे जाळे अद्याप निर्माण झालेले नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. राज्यात धरणांच्या जलाशयांकाठी तंबूतील मुक्काम लोकप्रिय आहे आणि त्यांपैकी पवना धरणासारखे जलाशय शहरांना पिण्याचे पाणी पुरवतात. पवना धरणाच्या पाण्यावर पिंपरी-चिंचवड शहर अवलंबून आहे. जलाशयांकाठी कॅरॅव्हॅनतळ उभारताना साठलेल्या मलजलाचा अंतिम मार्ग आधी निश्चित करणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

हे सुद्धा पहा

* सांडपाणी प्रक्रिया
* सुपोषण
* सेप्टिक टाकी
* यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान