सुट्टीचे शेवटचे पंधरा दिवस

रोहिणी नक्षत्र लागले की माझ्या दवाखान्याच्या बाकावर एक ठरावीक तक्रार ऐकू येऊ लागते. ताप नाही, जुलाब नाही. आई पोराला दंडाला धरून आत आणते आणि म्हणते, "डॉक्टरसाहेब, ह्ये घरात थांबंना, आन् थांबलं तर मोबाईल सोडंना. काही टॉनिक लिहून द्या." आता पोराने हुंदडू नये म्हणून टॉनिक द्यायचे, की मोबाईल सोडून हुंदडावे म्हणून, हे त्या माउलीलाही ठाऊक नसते. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. त्याआधीचे हे पंधरा दिवस म्हणजे सुट्टीच्या ताटातला शेवटचा घास. मामाच्या गावाला आलेली भाचरं अजून गेलेली नसतात, आंबा संपत आलेला असतो, आणि ऊन मात्र काही केल्या कमी होत नाही.

तीन वर्षांपूर्वीपर्यंत माझे उत्तर ठरलेले होते. "उन्हात सोडू नका, पाण्याकडे फिरकू देऊ नका, घरात बसवा." हेच मी पालकांना वर्षानुवर्षे सांगत आलो. चुकीचे काही सांगतो आहे असे कधी वाटले नाही.

मग एका मे महिन्याच्या अखेरीस, दुपारी तीनच्या सुमारास, एका जीपमधून बारा वर्षांच्या मुलाला माझ्याकडे आणले. शेततळ्यात बुडाला होता. बाहेर काढून तास उलटून गेला होता. करण्यासारखे काही उरले नव्हते, तरी वीस मिनिटे केले. वडील माझे जुने पेशंट. रडून झाल्यावर ते म्हणाले, "साहेब, तुम्ही सांगितलं होतं म्हणून आम्ही विहिरीकडं कधी जाऊच दिलं न्हाई त्याला. पव्हायला येत न्हवतं." त्यांच्या बोलण्यात दोष देण्याचा सूर नव्हता. असता तर बरे वाटले असते. मुलाला पाण्याची ओढ होतीच. वडिलांच्या समोर जाता येईना म्हणून तो तीन मित्रांबरोबर चोरून गेला, आणि नेमका विहीर सोडून शेततळ्यावर गेला.

तेव्हापासून मी उत्तर बदलले आहे. ज्यांच्या गावात अजून पाणी आहे, त्यांनी या पंधरा दिवसांत मुलांना पोहायला शिकवावे. मुलांना आणि मुलींनाही. पाण्याला बंदी घातली तर पोरे पाणी सोडत नाहीत, फक्त आपल्या नजरेआड जातात.

मी स्वतः पोहायला शिकलो ते अंबड तालुक्यातल्या आमच्या गावी, चुलत्याच्या विहिरीत. तेव्हा आमचा वेगळा जिल्हाही झालेला नव्हता, जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला. पाठीला वाळलेला भोपळा बांधलेला आणि कमरेला दोर. दोराचे दुसरे टोक काकांच्या हातात. पहिले तीन दिवस काकांनी पायरीवर बसवून नुसते पाय मारायला लावले. चौथ्या दिवशी पाण्यात सोडले आणि दोर ताणून धरला. आठव्या दिवशी दोर कधी ढिला सोडला ते मला कळलेही नाही. भोपळ्याच्या जागी पुढे पत्र्याचा डबा आला, मग मोटारीची ट्यूब आली. पद्धत मात्र तीच राहिली, आणि माझ्या मते आजही तिला तोड नाही. वर एक पोहणारा मोठा माणूस, हातात दोर, आणि एका वेळी एकच शिकाऊ पोर. तासाभराने बाहेर निघाल्यावर ओठ निळे पडलेले असत आणि पोटात अशी भूक लागे की शिळी भाकरी आणि कांदा पुरणपोळीसारखा लागायचा. भूक लागत नाही म्हणून आणलेल्या मुलांना मी हल्ली हेच औषध सांगतो.

पण काकांच्या वेळच्या विहिरीत आणि आजच्या विहिरीत फरक आहे, तो लक्षात घ्यावा लागतो. आज विहिरीत विजेची मोटार असते. पाण्यात उतरण्याआधी नुसती मोटार बंद करून भागत नाही, फ्यूज काढून खिशात ठेवायचा. वरून कोणीतरी, पाणी द्यायची वेळ झाली म्हणून, बटन दाबतो. वायर कुठे सोललेली असेल तर खालच्या पोराला शॉक बसतो आणि वरच्याला वाटते, पोर दमले.

दुसरे म्हणजे सूर मारणे. श्रावणात ज्या विहिरीत तीन पुरुष पाणी असते, तिथे या दिवसांत कमरेएवढे असते आणि खाली खडक. गढूळपणामुळे तळ दिसत नाही. तेव्हाच्या औरंगाबादला घाटीत मी शिकत असताना एक विशीतला तरुण पाहिला होता. विहिरीत डोक्यावर उडी घेतलेली. मानेचा मणका मोडून हातपाय कायमचे लुळे झाले होते. गावातला पट्टीचा पोहणारा होता म्हणे. तेव्हा या दिवसांत सूर नको आणि मुटकाही नको. पायऱ्यांनी उतरायचे. ज्या जुन्या विहिरीचा वर्षानुवर्षे उपसा नाही, तिच्यात तर गाळ काढायलासुद्धा एकट्याने उतरू नये. तळाशी विषारी वायू साचलेला असू शकतो. एक बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा.

आता शेततळ्याविषयी, कारण खरा धोका तिथे आहे. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, त्याच्या आधीपासूनही आपल्याकडे तळी होत होती. कडवंचीची द्राक्षे याच पाण्यावर उभी आहेत आणि जिल्ह्यातल्या कित्येक मोसंबीच्या बागा तळ्यांनीच वाचवल्या. शेतकऱ्याला ते वरदान आहे यात शंका नाही. पण ते पोहायचे ठिकाण नाही. आत प्लास्टिकचे अस्तर, उतार तीव्र, त्यावर शेवाळ. आत गेलेल्याला बाहेर येण्यासाठी पकडायला काही नसते. विहिरीत कपार असते, पायरी असते, पाइप असतो. शेततळ्यात चांगला पोहणाराही काठापर्यंत येतो, घसरतो, पुन्हा येतो, पुन्हा घसरतो आणि दमून बुडतो. मुलांना पोहायला येत असले तरी शेततळे वर्ज्य, हे त्यांना तिथे नेऊन, ओला प्लास्टिक हाताला लावून दाखवा. आणि ज्यांचे शेततळे आहे त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. कुंपण करा, आणि चारही बाजूंनी जाड दोर काठावरच्या खुंटाला पक्का बांधून आत पाण्यापर्यंत सोडा. त्याला हात-हात अंतरावर गाठी मारा. दोन ट्यूबा फुगवून काठावर ठेवा. या सगळ्याचा खर्च एका फवारणीपेक्षा कमी येईल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली. शाळकरी वयाच्या मुलांना पोहण्याचे आणि पाण्यातल्या सुरक्षिततेचे प्राथमिक शिक्षण द्या, असे ही संघटनाही सांगते. काकांनी ते कुणी न सांगता केले.

कोणी बुडताना दिसलाच तर मागोमाग उडी टाकू नका. बुडणारा मिठी मारतो आणि दोघे जातात. दोर फेका, धोतर-साडी फेका, बांबू पुढे करा, झाकण लावलेला रिकामा कॅन फेका. बाहेर काढल्यावर आपल्याकडे अजूनही पोट दाबतात, पायाला धरून उलटे टांगतात, खांद्यावर घेऊन पळतात. यात लाखमोलाची मिनिटे जातात. पोटातले पाणी मारत नाही, श्वास बंद झाल्याने माणूस मरतो. श्वास चालत नसेल तर उताणे झोपवा, कपाळ मागे व हनुवटी वर करा, नाक चिमटीत धरून तोंडाला तोंड लावून पाच श्वास द्या. छाती वर उचललेली दिसली पाहिजे. हालचाल नसेल तर छातीच्या मधोमध जोराने आणि भराभर ३० वेळा दाबा, मग दोन श्वास, पुन्हा ३० वेळा दाबा. कोणीतरी १०८ ला फोन लावावा, पण तुम्ही थांबू नका. मूल शुद्धीवर आले, बोलू लागले, तरी दवाखान्यात न्याच. फुप्फुसात गेलेले पाणी काही तासांनी त्रास देऊ शकते.

बरे, ज्या गावात विहिरींनी तळ गाठला आहे तिथे काय करायचे? २०१२-१३ चा दुष्काळ आपण सर्वांनी पाहिला आहे. पोहायचे राहू द्या, घागर भरायला पाणी नव्हते. तशा वर्षी मुलांना पहाटे उठवून फिरायला न्यावे. जालनेकरांना निजामाच्या काळातला घाणेवाडीचा तलाव जवळ आहे. पिण्याचे पाणी आहे, त्यात पाय बुडवायचा नाही, काठावरून पाखरे पाहायची आणि ऊन चढायच्या आत घरी यायचे. दुपारी बारा ते चार मात्र सावली सोडायची नाही, यात मी बदल केलेला नाही. या वेळात पत्ते, सागरगोटे, कॅरम, आणि आजीने बसवलेला आमरसाचा कारखाना.

आंब्याबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण पेशंट मला चोरून विचारतात. गावरान आंबा आढीतला असेल तर नशीबवान आहात. बादलीत तासभर भिजत घालून, माचून, पोरांनी ओट्यावर बसून चोखावा, कपडे खराब होऊ द्यावेत. आंबा 'बाधला' म्हणून जे येतात त्यातल्या बहुतेकांना आंबा बाधलेला नसतो. सकाळी केलेला रस रात्री खाल्लेला असतो, किंवा थंड व्हावा म्हणून त्यात बाजारचा बर्फ घातलेला असतो. तो बर्फ कोणत्या पाण्याचा आहे कुणाला ठाऊक. त्यातून टायफॉइड आणि कावीळ घरात येते. रस काढला की तासा-दोन तासांत संपवा, थंड हवा असेल तर भांडे पाण्याच्या परातीत ठेवा. साखरेच्या पेशंटनी रसाळीला जाऊन उपाशी उठावे असे मी म्हणणार नाही. बिनसाखरेच्या रसाची एक लहान वाटी घ्यावी आणि त्या जेवणातली एक पोळी कमी करावी. दुसरी वाटी वाढणाऱ्या विहिणीला माझे नाव सांगावे.

उन्हातून आलेले पोर मलूल झाले, डोके दुखते म्हणाले, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट-घोट पाजा. कैरीचे पन्हेही चालते. पण अंग तापलेले आहे आणि पोर असंबद्ध बडबडते आहे किंवा झटके येत आहेत, तर तो उष्माघात. तिथे पाजत बसू नका. कपडे काढून अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि तसेच ओल्या अंगाने गाडीत घाला.

रात्र मात्र गच्चीची. सडा मारून थंड केलेली गच्ची, वर आकाश. या दिवसांत संध्याकाळी उत्तरेला सप्तर्षी, माथ्याशी स्वाती, दक्षिणेला चित्रा आणि आग्नेयेला वर येणारा वृश्चिक, हे नुसत्या डोळ्यांनी दाखवता येते. नातवंडांना एक गंमत विचारा, मृग लागला तर आकाशात मृग का दिसत नाही? सूर्य त्याच नक्षत्रात असतो, म्हणून तो दिवसा आपल्या डोक्यावरून जातो.

आकाशातल्या विंचवावरून आठवले. गच्चीवर झोपायला सांगतो, अंगणात जमिनीवर नाही. उकाड्याने विंचू-काटा बाहेर पडतो. मण्यार तर रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि पुष्कळदा चावल्याचे कळतही नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या मिटू लागतात, बोलणे जड होते. असे झाले तर मांत्रिक नको, सरकारी रुग्णालय गाठा. खाली झोपावेच लागले तर खाट घ्या आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. लाल विंचवाच्या दंशाला पूर्वी माणसे, विशेषतः मुले, पटापट जात. त्यावर प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे औषध गुणकारी ठरते हे जगाला दाखवले ते आपल्याच जिल्ह्यातल्या देहेड गावच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी, महाडला काम करताना. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. दंशानंतर घाम, उलटी, हातपाय गार पडणे यांतले काही दिसले तर लगेच निघा, कारण हे औषध लवकर मिळाले तर खरे.

राहिला पहिला पाऊस. ढग गडगडले की पोरे आंब्याखाली पळतात, वाऱ्याने पडलेल्या कैऱ्या वेचायला. मीही पळायचो. पण आपल्या मराठवाड्यात वीज पडून माणसे आणि जनावरे दगावतात ती याच दिवसांत, आणि बरीचशी झाडाखाली. गडगडाट ऐकू आला की झाड सोडायचे, विहीर सोडायची, पक्क्या घरात यायचे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबून कैऱ्या वेचायला जा, त्या कुठे जात नाहीत.

गेल्या वर्षी त्या शेततळ्यावर गेलो होतो. वडिलांनी काठाला गाठी मारलेला दोर बांधला आहे, चारही बाजूंनी. धाकटी मुलगी नऊ वर्षांची आहे. ती सकाळी चुलत्याच्या विहिरीवर ट्यूब घेऊन शिकायला जाते, आणि वडील काठावर बसलेले असतात.

(पुढील आठवड्यात : पावसाळ्यातले पिण्याचे पाणी आणि तुरटी)