ल्युर वासाने नव्हे, आकाराने ओळखली जाते

मौद्याच्या शिवारात धानाची बांधी आणि तिच्या धुऱ्यावरची तूर यांच्यात पाऊलभराचंच अंतर असतं. त्यामुळे कामगंध सापळ्यात कुठलीही एक ल्युर लावली की दोन्ही पिकांचं भागेल, असं अनेकांना वाटतं. ल्युर म्हणजे पतंगांना आवडणारा सुवास, ही त्यामागची समजूत. खरं तर नर पतंग येतो तो त्याच्याच जातीच्या मादीने सोडलेले रेणू त्याच्या मिशांवरच्या ग्राहींमध्ये नेमके बसतात म्हणून. धानाचा पिवळा खोडकिडा आणि तुरीवरची घाटेअळी यांच्या माद्या मुख्यत्वे तेच दोन रेणू सोडतात. दोन्ही 16 कार्बनचे अल्डिहाइड. एकात दुहेरी बंध 11व्या कार्बनपासून, दुसऱ्यात 9व्या. मात्र खोडकिड्यात त्यांचं प्रमाण सुमारे 3:1 असतं, घाटेअळीत 97:3. घटक एकच असूनही एकाची ल्युर दुसऱ्याला चालत नाही ती यामुळे.

प्रमाणाचं समजलं, पण एखादा बंध इकडेतिकडे झाल्याने काय बिघडतं, अशी शंका कुणी घेईल. कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीने तिचं उत्तर दिलं आहे. 1966 मध्ये प्रोपिल्युर हा तिचा कामगंध म्हणून जाहीर झाला, पण शेतात तो चालला नाही. मग 7व्या जागी एकच दुहेरी बंध असलेलं हेक्झाल्युर वापरात आलं; त्याकडे नर यायचे, पण ओढ कमी. 1973 मध्ये खरा कामगंध, गॉसिप्ल्युर, उलगडला: 7व्या आणि 11व्या अशा दोन्ही जागी दुहेरी बंध. 7व्या जागचा नेहमी सिस. 11व्या जागचा निम्म्या रेणूंत सिस, निम्म्यांत ट्रान्स. सिस बंधापाशी साखळी वाकते, ट्रान्सपाशी जवळजवळ सरळ राहते. रेणुसूत्र तेच, फक्त वाक वेगळा, आणि नराला दोन्ही घडणी निम्म्या-निम्म्या लागतात! म्हणून ‘अजून वास येतो, म्हणजे ल्युर चांगली आहे’ हेही खरं नाही. उन्हाने आणि हवेतल्या ऑक्सिजनने हे रेणू बिघडतात, अल्डिहाइड तर लवकरच. तो बदल आपल्या नाकाला कळत नाही. पाकिटावरची मुदत पाळायची ती त्यासाठी.

सापळे लावले की अळी आटोक्यात येते, हा समज सगळ्यांत घातक. सापळ्यात फक्त नर पडतात, आणि उरलेला एक नर अनेक माद्यांना पुरतो. हेक्टरी 5 सापळे असतात ते किडीवर नजर ठेवण्यासाठी: सलग 3 रात्री सापळ्यामागे 8 पतंग सापडले की पऱ्हाटीत उपाययोजनेची वेळ झाली. गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीला दाद देणं सोडल्याचं नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने नोंदवल्यापासून या मोजणीवर बरंच काही अवलंबून आहे. चुकीची ल्युर लावलेला सापळा मात्र बोंडं आतून पोखरली जात असतानाही रोज सकाळी रिकामाच दिसतो.