दोघांनीच जा मुळशीच्या वाटेने!

मैत्रिणींनो, एक दिवस मुलांना आजीकडे सोपवा आणि दोघंच निघा! पुण्याहून पौड, मुळशी आणि ताम्हिणी घाट उतरून माणगाव. श्रावणात डोंगर हिरवेगार, सोबतीला मुळशीचं अथांग पाणी. डब्यात धपाटे, दही, चटणी पुरे. घाटात धुकं दाटलं की ‘हळू चालवा हं’ असं जरूर म्हणा. धबधब्यात मात्र उतरू नका.

पाण्याकाठी घटकाभर थांबाच. हा तलाव धरणाचा. मुंबईला वीज हवी म्हणून टाटांनी तो बांधला, त्यात मावळातली गावं बुडाली. १९२१ साली सेनापती बापटांसह शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. बायकाही मागे नव्हत्या. या देखण्या पाण्याखाली कुणाचं तरी माजघर आहे, हे ह्यांनाही सांगा. परतताना गप्पा किराणा-फीच्या पलीकडे जातील!