बर्फाखालची चिल्लर

एच. पी. लव्हक्राफ्ट हा अमेरिकी लेखक अंटार्क्टिकाला कधीच गेला नाही. तरी १९३१मध्ये लिहिलेल्या ‘अ‍ॅट द माउंटन्स ऑफ मॅडनेस’ या कादंबरीत त्यानं तिथे हिमालयाहून उंच पर्वत उभे केले.

या पर्वताच्या पायथ्याशी, कोट्यवधी वर्षं बंद असलेल्या एका गुहेत, संशोधकांना हिरवट शंखजिऱ्याचे तुकडे सापडतात. वीतभरही रुंद नाहीत. पाच टोकांच्या ताऱ्यासारखे, टोकं मोडलेली, वर बारीक ठिपक्यांचे पुंजके. ही अक्षरं म्हणावीत की नक्षी? मोहिमेतल्या कुत्र्यांना मात्र ते दगड नजरेसमोरही नको असतात.

पर्वतापलीकडे एक ओसाड नगर लागतं. तिथल्या भिंतींवरची शिल्पं पाहून कथा सांगणारा प्राध्यापक डायर अंदाज बांधतो, की त्यातले लहान दगड नाणी असावीत. मला तरी हीच जागा सर्वांत भीतिदायक वाटते. मूर्ती सापडली असती, शस्त्र सापडलं असतं, तर आपण समजू शकलो असतो. पण चिल्लर? म्हणजे तिथे कुणीतरी रोजचा बाजारहाट करत होतं, आणि ते माणूस नव्हतं!

‘वीअर्ड टेल्स’नं ही कादंबरी नाकारली. ‘अस्टाउंडिंग स्टोरीज’नं १९३६मध्ये छापली, तीही काटछाट करून, लेखक संतापला. तिची शुद्ध संहिता १९८५मध्ये आली. संपादक एस. टी. जोशी, जन्म पुण्याचा.